भाताचे ताट आणि साखरेचा हिशेब

‘भात नको’ हे दोन शब्द मी आईपुढे पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा तिने भाताचा डाव हातातच धरून विचारले, ‘कुणावर रागावलास?’ आमच्या जोयडा तालुक्यातल्या घरात ताटातला भात नाकारायचा म्हणजे एक तर आजारपण, नाही तर भांडण. तिसरे कारण तिला ठाऊक नव्हते. शिवाय तो भात विकतचा नव्हता. घरच्या शेतातला, तिने स्वतः उन्हात वाळवलेला होता.

माझे कारण आजारपणाचेच होते, पण ते मी तिला धड सांगितले नव्हते. वयाच्या ४७व्या वर्षी मला मधुमेह निघाला. उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ किंवा त्याहून अधिक असली की मधुमेह समजतात. माझी १८२ होती. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या ‘एचबीएवनसी’ या तपासणीत मर्यादा ६.५ टक्के, माझा आकडा ८.९. गेली वीस वर्षे मी रसायनशास्त्र शिकवतो. ग्लुकोजचा रेणू मी फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण तो माझ्या रक्तात साठत होता याचा मला पत्ता नव्हता.

हा अनुभव माझा एकट्याचा असला तरी प्रश्न एकट्याचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्याचे प्रमाण सर्वांत जास्त आहे ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. तेव्हा वाचकांपैकी अनेकांच्या घरी ही गोष्ट कधी ना कधी येणार. पिष्टमय पदार्थ कमी आणि स्निग्ध पदार्थ जास्त, अशा आहाराची हल्ली बरीच चर्चा ऐकू येते. त्या वाटेने जाताना शरीरात काय घडते आणि कुठे जपावे लागते, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

इंधन बदलणे म्हणजे काय?

भात, भाकरी, पोहे, रताळे यांतील पिष्ट पचले की त्याचे ग्लुकोज होते. ते रक्तातून पेशींत शिरावे म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, आणि पुढे पुढे स्वादुपिंडही थकते. म्हणजे दार अर्धे बंद, आणि बाहेर गर्दी. औषधे दार उघडू पाहतात. हा आहार गर्दी कमी करतो.

शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट असते. सकाळची पेज, दोन वेळचा भात, मधले पोहे आणि चहातली साखर यांचा हिशेब मांडला, तेव्हा माझा आकडा दिवसाला ३५० ग्रॅमच्या घरात गेला. कमी पिष्टाचा आहार साधारणपणे १३० ग्रॅमच्या आतला मानतात. अगदी कडक म्हणजे २० ते ५० ग्रॅम. आता एका ग्रॅम पिष्टातून ४ कॅलरी मिळतात आणि एका ग्रॅम स्निग्धातून ९. अडीचशे ग्रॅम पिष्ट वगळले तर हजार कॅलरींची तूट येते. ती भरायला १११ ग्रॅम स्निग्ध लागेल. माणूस स्थूल असेल तर त्यातली काही भरपाई अंगावरच्या मेदातून होते. ‘स्निग्ध जास्त’ याचा अर्थ इतकाच. डबाभर तूप पिणे असा नव्हे.

‘भात नसेल तर मेंदू चालेल कसा?’ असे मला स्टाफरूममध्ये विचारले गेले. मेंदूला थोडे ग्लुकोज लागतेच. पण ते यकृत प्रथिनांपासून आणि मेदातील ग्लिसरॉलपासून तयार करू शकते. शिवाय मेदापासून यकृत कीटोन नावाची द्रव्ये बनवते आणि मेंदू त्यांवरही बराच चालतो.

ही कल्पना नवीही नाही. १७९७ साली जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने मधुमेह्याला मांस आणि चरबीचा आहार देऊन पाहिल्याची नोंद आहे. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला, १९२२च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले गेले, आणि आहारावरचा भार हलका झाला. शंभर वर्षांनी तो विचार पुन्हा पुढे आला. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९च्या अहवालाने रक्तशर्करा सुधारण्यासाठी एकूण पिष्ट कमी करण्याच्या बाजूने सर्वांत अधिक पुरावा असल्याचे मान्य केले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रचार केला, तो आपल्याला ठाऊक आहे. त्याचाही रोख इन्सुलिनवरच आहे. पण तिथे भर किती वेळा खातो यावर, इथे काय खातो यावर.

जोयड्याच्या ताटात काय उरते?

आमचा तालुका काळी नदीच्या खोऱ्यातला, जंगलाचा. कंदमुळांसाठी तो प्रसिद्ध. इथल्या कुणबी बांधवांनी सुरण, कणगी, रताळी, मुडली यांचे कितीतरी प्रकार जपले आहेत. कंदांच्या मेळाव्यात ते मांडलेले पाहताना ऊर भरून येतो. पण रसायनशास्त्राचा निर्णय निष्ठुर आहे: या कंदांच्या वजनाचा ढोबळमानाने पाचवा हिस्सा पिष्टच. ‘नाचणी खा, साखर उतरते’ असेही सांगणारे भेटतात. नाचणीत तंतू व चुना भरपूर, हे खरे. पण तिच्या पिठातही दोनतृतीयांशाहून अधिक पिष्टच असते.

‘आमचे आजोबा हेच खात होते, त्यांना कुठे साखर झाली?’ हा प्रश्न योग्यच आहे. आजोबा पहाटेपासून शेतात राबत आणि बाजाराला कोसच्या कोस चालत जात. राबणारा स्नायू रक्तातले ग्लुकोज इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवाय ओढून घेतो. भात तोच राहिला; आपण खुर्चीवर बसलो.

मग उरते काय? पुष्कळ उरते. कारवारहून येणारी मासळी, अंडी, दही-ताक, ओले खोबरे, शेंगदाणे, पावसाळ्यात टाकळा, अळू, बांबूचे कोंब, अळंबी, आणि सोलकढी. माझ्या ताटातली भाजी दुप्पट झाली आणि भात दोन घासांवर आला.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात माझे वजन तीन किलो उतरले आणि मी फुशारलो. ती चरबी नव्हे, पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत ग्लुकोजचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साठा खर्च झाला की पाणी निघून जाते. इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात. त्यामुळे डोके दुखणे, पोटरीत गोळे येणे, उठताना अंधारी येणे, बद्धकोष्ठ हे सारे मी भोगले. मीठ घातलेले ताक आणि भरपूर पालेभाजी यांनी ते निवळले. रक्तदाबाच्या रुग्णाने मात्र मिठाचा हा उपाय स्वतःच्या मनाने करू नये.

खरी चूक मी पाचव्या दिवशी केली. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मी पूर्वीच्याच मापाने घेत होतो, आणि आहार बदलल्याचे डॉक्टरांना सांगितले नव्हते. त्या सकाळी गोळी घेतली, दोन अंडी आणि चटणी खाल्ली, आणि कारवारच्या बसमध्ये बसलो. अणशी घाटात दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, पुढच्या माणसाशी बोलायचे तर शब्द सापडेना. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात भात असो वा नसो. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता दप्तरातली गोड सरबताची बाटली माझ्या हातात दिली. दहा-पंधरा मिनिटांनी मी भानावर आलो. ‘सर, माझ्या आजीला असंच होतं,’ ती म्हणाली. त्या मोकळ्या घाटात ती मुलगी शेजारी नसती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावून मग समजावले: ताट आणि गोळी एकाच दिवशी बदलायला हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने मात्रा कमी करून घेतल्याशिवाय भात सोडू नये. ज्यांच्या औषधाच्या नावाअखेर ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्यांना या आहारात रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, आणि लहानपणापासूनचा, इन्सुलिनवरचा मधुमेह यांत तर स्वतःच्या मनाने काहीच करायचे नाही. आणि साखर ७०च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. तेव्हापासून साखरेची पुडी माझ्या खिशात असते.

जमा आणि खर्च

गोळी निम्मी झाली. जेवणानंतरची साखर आठवडाभरात उतरली; सकाळची उपाशीपोटीची मात्र दोन महिने हटून बसली होती. पहाटे शरीरातील काही संप्रेरके यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात, त्यामुळे ती सर्वांत शेवटी खाली येते. हे ठाऊक नसेल तर माणूस मधेच धीर सोडतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.७ झाली आणि ती गोळी बंद झाली.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. त्याच तपासणीत माझे वाईट कोलेस्टेरॉल ११८वरून १५१वर गेले होते. खोबरे घरचे, तूप घरचे. मी हात सैल सोडला होता. दोन्हींतील स्निग्ध बहुतांशी संपृक्त असते. खोबरे-तूप आवरले, मासळी, शेंगदाणे, तिळाचे तेल वाढवले, कडधान्ये परत आणली आणि पिष्ट दिवसाला शंभर ग्रॅमवर स्थिर केले. सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल खाली आले, साखर होती तिथेच राहिली. कडक व्रतापेक्षा जन्मभर पाळता येईल असा नेम मला जास्त मानवला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी कोणी भात सोडल्याचे ऐकलेत तर त्यांची थट्टा करू नका आणि नुसते कौतुकही करू नका. ‘गोळीचे माप डॉक्टरांना विचारलेत का?’ एवढा एक प्रश्न विचारा. मला तो कोणी विचारला नव्हता. विचारायला मी कोणाला सांगितलेच नव्हते.

आईलाही मी शेवटी सगळे सांगितले, घाटातले सुद्धा. ती बराच वेळ बोलली नाही. यंदा कापणीनंतर नव्या तांदळाचा भात झाला, तेव्हा तिने माझ्या ताटात अळूची भाजी आणि मासळी आधी वाढली, कडेला मूठभर भात ठेवला आणि म्हणाली, ‘हा हिशेबात धर.’

मी धरला.