पेशीवरची साखर

स्तनात गाठ लागली की तुळजापुरातही ‘साखर बंद करा’ असा सल्ला मिळतो. पण इथे ज्या साखरेबद्दल बोलायचे, ती चहातली नव्हे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात आणि पेशीतील विकरे त्या जोडतात. एक विकर नसले तर काय होते? डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आठवा. फ्युकोज ही एक शर्करा जोडली जात नाही, म्हणून त्या व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही!

कर्करोगात उलट घडते : नको तिथे विकर तयार होते. अमेरिकेतील जोआन मासागे यांच्या गटाने २००९ मध्ये असे एक विकर दाखवून दिले. त्याचे नाव एसटी६गॅलनॅक५. ते एरवी मेंदूत आढळते. स्तनाच्या काही कर्कपेशी मात्र ते बनवू लागतात. ते पृष्ठभागावरील साखळीला सायलिक आम्ल जोडते. मग या पेशी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात आणि ते ओलांडून आत शिरतात. बहुरूपीच म्हणा ना! चहा फिका केल्याने हे थांबत नाही.

गाठ स्तनापुरती असतानाच सापडली तर उपचार सोपे. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. आपल्या जिल्ह्यातील भूम, परंडा तालुके तिच्यात आहेत. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हे वर्गातल्या मुलींनी घरी आईला सांगावे.