गेलेल्या भावाचे काय?

आमच्या आजीचे माहेर नागभीडचे. नागभीड कोठे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगावे लागते, म्हणून सांगतो. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून एक छोट्या रुळांची गाडी सुटत असे. उमरेड, भिवापूर करीत, दर स्टेशनावर दम खात ती नागभीडला पोहोचे, आणि तेथे गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारा मार्ग तिला भेटे. म्हणून हे गाव जंक्शन. २०१९ च्या नोव्हेंबरात रुंद रुळांच्या कामासाठी ती छोटी गाडी बंद झाली. गावाभोवती धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की जंगल, हे मात्र आहे तसेच आहे.

या जंक्शनवरून १९४१ साली आजीचा काका लढाईवर गेला. दर दिवाळीला अनारशाचे पीठ मळायला घेतले की आजीला हा काका आठवे, आणि पीठ मळून होईपर्यंत गोष्ट चाले. लहानपणी आम्हांला त्या गोष्टीत फारसा रस नसे, कारण तिच्यात एकही बंदूक उडत नाही. काका लढाईत मोटारलॉरी चालवीत होता. पण हल्ली मला वाटू लागले आहे, की त्या गोष्टीत काकापेक्षा गावाचेच वर्णन अधिक होते.

ती लढाई आपली नव्हती, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९३९ च्या सप्टेंबरात व्हाइसरॉयांनी हिंदुस्थानातल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळानेही दिला. पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वर्ध्याजवळच्या पवनारात विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देणे चूक, पैसा देणेही चूक, एवढेच त्यांना बोलायचे होते, आणि एवढ्यासाठी चार दिवसांत त्यांना पकडले गेले. पुढे ही गोष्ट लोकांच्या तोंडी सुटसुटीत झाली : ‘ना एक पाई, ना एक भाई.’

पाई मात्र द्यावी लागेच. तहसीलदाराचा निरोप मालगुजाराकडे येई, मालगुजाराचा माणूस कुळांच्या दारात उभा राही, आणि वॉर फंडाच्या यादीत नाव चढे. अशा याद्यांवरून सरकार जनतेच्या उत्स्फूर्त पाठिंब्याचे आकडे काढीत असे. आमच्या पणजोबांच्या नावावरही कधीतरी दोन रुपये पडले. ते देताना त्यांनी काय म्हटले ते आजीला पाठ होते. पण दिवाळी अंकात छापण्याजोगे नव्हे.

आणि भाऊ? सातारा-कोल्हापूरकडे शिपाईगिरीची परंपरा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले असे सांगतात. ज्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, तेथे शिपायाच्या आईला एकटेपण कसे येणार? झाडीपट्टीत तसे काही नव्हते. काका गेला तो सावकाराच्या तगाद्याला कंटाळून. लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉरीवर क्लीनर होता, हात बसला होता, भरतीवाल्यांना ड्रायव्हर हवे होते. राजनिष्ठा, देशद्रोह यांतले काही त्याच्या मनात आले असेल असे मला वाटत नाही. १९३९ साली हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते. लढाई संपताना ते पंचवीस लाखांवर गेले. एवढ्या लोकांतल्या कितीकांना घरून कोणी विचाराने पाठविले असेल, आणि कितीकांना नुसत्या रिकाम्या कणगीने?

पण सारेच काही पोटासाठी गेले असे म्हणणेही अन्यायाचे होईल. १९४२ चा जुलै महिना पाहा. १४ तारखेला वर्ध्याला काँग्रेसच्या कार्यकारिणीने इंग्रजांनी येथून जावे असा ठराव केला. तेथून शंभर किलोमीटरांच्या आत, कामठीच्या छावणीत, त्याच महिन्यात महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहत होती. आणि मधल्या नागपुरात १८-१९ तारखांना डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्य समाजाची अखिल भारतीय परिषद भरली. ज्यांना गेल्या शतकाच्या शेवटी फौजेची दारे बंद केली, १९१७ साली गरजेपोटी उघडली आणि १९२१ साली पलटण मोडून पुन्हा लावून घेतली, त्या महार समाजाला हा गणवेश हक्काचा वाटला तर नवल काय? मुंबईचे रहिवासी मागे वळून ‘बेचाळीस साली सारा देश लढाईच्या विरुद्ध होता’ असे म्हणतात, तेव्हा मला हा एक महिना आणि ही तीन गावे आठवतात. देश असा एका मापाचा कधीच नसतो.

मग ऑगस्ट उजाडला. १६ तारखेला नागपंचमी होती. नागभीडच्या पलीकडे चिमूरला प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. चार दिवसांच्या आत लष्कर चिमुरात शिरले आणि त्याने गावावर जो सूड उगवला, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या वार्ता बैलगाड्यांबरोबर गावोगाव पोहोचल्या. छापायला बंदी होती. बोलायला कोण बंदी करणार? त्याच सुमारास तुकडोजी महाराजांना चांद्याला अटक झाली. ज्यांच्या भजनाला सारी झाडीपट्टी लोटे, ते तुरुंगात, आणि लष्करी गाड्या रस्त्यावर.

आता त्या घराचा विचार करा, ज्याचा मुलगा त्याच सरकारच्या खाकी कपड्यात आहे.

त्यांना कोणी वाळीत टाकले नाही, हे आजी नेहमी आवर्जून सांगे. पाणी बंद झाले नाही, दुकानात उधारी बंद झाली नाही. फक्त विचारपूस थांबली. पूर्वी विहिरीवर बाया म्हणत, “काय हो, पत्र आलं का पोराचं?” चिमूरनंतर त्या धानाविषयी बोलत, तेलाविषयी बोलत, रॉकेल मिळत नाही म्हणून कुरकुरत, पोराचे नाव कोणी काढीना. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की शेजारची दारे हळूच लोटली जात. त्यात द्वेष नव्हता. काय बोलावे हेच कोणाला कळत नव्हते. आजी तेव्हा बारा वर्षांची. शाळेत मुली तिच्या काकाला ‘इंग्रजांचा गाडीवान’ म्हणाल्या, तर तिने एकीची वेणी ओढली. सबंध गोष्टीतली हाणामारी एवढीच.

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली. तिकडे ईजिप्तच्या वाळवंटात अल अलामीनची लढाई नुकतीच उरकत होती, तीत हिंदी पलटणी होत्या. इकडे दिवाळी सरते न सरते तोच, ११ नोव्हेंबरला, चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी अन्न सोडले. ते उपोषण ६३ दिवस चालले. आजीच्या माहेरी त्या वर्षी आकाशकंदील लागला नाही. काकाच्या आईने अनारसे मात्र केले, पहिला बाजूला काढून डब्यात ठेवला, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आलेले काकाचे पत्र हातात घेऊन ती ओसरीवर बसून राहिली. तिला वाचता येत नव्हते. पणजोबा बांधीवर गेलेले, आणि आजीला काकाचे मोडी वळणाचे अक्षर लागेना.

अशा वेळी रस्त्याने एक गुरुजी चालले होते. खादीचे, कट्टर. वैयक्तिक सत्याग्रहात काही महिने नागपूरच्या तुरुंगात राहून आलेले. ऑगस्टच्या धरपकडीतून आजारपणामुळे वाचले होते. ‘ना एक भाई’ ही घोषणा नागभीडच्या बाजारात त्यांनीच पहिल्यांदा दिली होती. म्हातारीने त्यांना हाक मारली. सबंध आळी पाहत होती.

गुरुजी ओसरीवर आले, चष्मा पुसला आणि पत्र मोठ्याने वाचू लागले. मुद्दाम मोठ्याने, असे आजीचे म्हणणे. शेजारच्या लोटलेल्या दारांना ऐकू जावे एवढ्या आवाजात. पत्रात ठिकाणाचे नाव नव्हते. दोन ओळींवर सेन्सॉरने काळी शाई फासली होती. उरलेल्यात एवढेच, की मी बरा आहे, येथे भाकरी मिळत नाही, रात्री थंडी फार असते, धान कसे पिकले, म्हशीला काय झाले, आणि चांदा जिल्ह्यात काही गडबड ऐकतो ती खरी काय.

“गुरुजी, उत्तर लिवा,” म्हातारी म्हणाली. “लिवा, तुझ्या साहेबाचा जय होवो.”

गुरुजींची लेखणी थांबली. “माय, ते माझ्याच्यानं लिहवणार नाही.”

“अहो, त्याचा साहेब जिंकला तरच लढाई सरेल ना? मग पोरगा घरी येईल.”

हा युक्तिवाद काँग्रेसच्या ठरावात कोठे बसत नव्हता. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी लिहिले, ‘तू सुखरूप परत ये. सारे गाव तुझी वाट पाहते.’ वाचून दाखविल्यावर म्हातारीने विचारले, “सारं गाव?” गुरुजी म्हणाले, “उद्यापासून पाहील.”

दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकीने विचारले, “म्हशीचं कळवलंत का त्याला?”

हे असे नाटकातल्यासारखे घडले असेल का, अशी शंका मलाही येते. आजी गोष्टीला तिखटमीठ लावण्यात कमी नव्हती. पण पत्रांविषयी ती सांगे ते खरेच असणार, कारण त्या युद्धातल्या हिंदी शिपायांच्या टपालाचे लष्करी सेन्सॉरने काढलेले गोषवारे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, आणि त्यांत हाच सूर आहे : घरी धान्य आहे का, भाव किती वाढले, पैसे पोहोचले का. १९४३ साली बंगालचा दुष्काळ पडला, तेव्हा परमुलखात पोटभर जेवणाऱ्या शिपायाच्या घशाखाली घास उतरेना. आपण कोणासाठी लढतो, हा प्रश्न त्यांना पडतच नसे असे समजणारे मोठी चूक करतात.

काकाची लॉरी पुढे इटलीत गेली. तेथे चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनी लढल्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे घेतले आणि तेथेच देह ठेवला, वय २२. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवरून वाहून आणून पुन्हा चालून गेले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने या इटालियन गावाने २०२३ साली घाडग्यांच्या नावे स्मारक म्हणून एक छायाघड्याळ उभारले. आपल्याकडे ही नावे किती मुलांना माहीत आहेत, हे घरोघर विचारून पाहावे. त्या महायुद्धात सुमारे ८७ हजार हिंदी शिपाई मेले, आणि स्वतंत्र देशाला त्यांचे काय करावे ते नीट कधी उमगलेच नाही.

उमगणार तरी कसे? लढाई संपली आणि १९४५ ची दिवाळी आली, त्याच आठवड्यात, ५ नोव्हेंबरला, लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर खटला उभा राहिला. सारा देश त्यांच्यामागे उभा राहिला, गावोगाव निधी जमला, आणि जमायलाच हवा होता. परंतु त्याच महिन्यांत बोटीबोटींनी दुसरेही शिपाई परतत होते. काका १९४६ साली उतरला. स्टेशनवर घ्यायला त्याचा भाऊ आणि ते खादीचे गुरुजी, असे दोघेच. दिवाळीनंतरच्या मंडईत ‘जय हिंद’चा गजर चालला होता, तेव्हा काका दंडार बघायला शेवटच्या रांगेत बसला. त्यानेही ‘जय हिंद’ म्हटले, अगदी खणखणीत. कोणीतरी हसले. नंतरच्या मंडयांना तो गेला नाही. त्याची पदके तांदळाच्या कणगीत पडून असत, आणि आजीने विचारले तर म्हणे, “गाडी चालवली, दुसरं काय?”

गोष्ट येथे संपायची, पण आजीच्या हयातीत तिला एक पुरवणी जोडली गेली.

१९८७ च्या जुलैअखेर करार झाला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. ऑक्टोबरपासून तिला लिट्टेशी लढावे लागले. येथे त्या मोहिमेविषयी कोणाला उत्साह नव्हता. आपली मुले तेथे कशासाठी, हा प्रश्न उघड विचारला जाई, आणि तो रास्तच होता. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीतले, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागली असतानाही लढत राहिले आणि पडले. परमवीरचक्र मिळाले. १,१०० हून अधिक जवान तेथे कामी आले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. त्या जवानांच्या नावांचे स्मारक २००८ साली उभे राहिले ते कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या सरकारने बांधलेले; दिल्लीच्या राष्ट्रीय समरस्मारकावर त्यांची नावे कोरली गेली २०१९ साली.

१९९० च्या दिवाळीत आमच्या नागपूरच्या आळीत एक जवान रजेवर आला होता. जाफन्याहून परतलेला. लोक त्याच्याशी क्रिकेटवर बोलत, पगारावर बोलत. श्रीलंकेचा विषय निघाला की कोणीतरी राजकारणावर घसरे आणि तो मुलगा उठून जाई. आजी तेव्हा साठीची. तिने अनारशांचा डबा घेतला, मला बरोबर घेतले आणि त्याच्या दारात जाऊन पायरीवर बसली.

“बाबू,” ती म्हणाली, “तिथं खायला काय मिळायचं रे?”

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “डाळ-भात, आजी. कधी नुसती बिस्किटं.”

“आणि पत्रं यायची वेळेवर?”

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. आम्ही घरी परतलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि डब्यात एकही अनारसा उरला नव्हता.