अ‍ॅपलेशियन ट्रेलची सोडून दिलेली वाट

अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल म्हटली की निर्मनुष्य अरण्य डोळ्यांसमोर येतं. जॉर्जियापासून मेनपर्यंतची ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आज बहुतांशी सरकारी जमिनीवरून जाते, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण १९५२ पर्यंत नैर्ऋत्य व्हर्जिनियात ती फ्लॉइड, पॅट्रिक, कॅरल आणि ग्रेसन या शेतीवाडीच्या काउंट्यांमधून जायची. पिनॅकल्स ऑफ डॅनचे सुळके हातापायांनी चढायचे, फिशर्स पीकवरून नॉर्थ कॅरोलायनाचा सखल मुलूख न्याहाळायचा, न्यू नदी ओलांडायला ‘रेडबड’ नावाच्या सपाट तळाच्या होडीत बसून पाच सेंट मोजायचे, अशी ती चाल होती. १९४८ साली अर्ल शेफर सबंध ट्रेल एका हंगामात चालून गेला, तो याच वाटेने. शेफरचं नाव आजही घेतलं जातं. त्याने तुडवलेला हा भाग मात्र विस्मरणात गेला.

१९५२ मध्ये ट्रेल ऐंशी किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, जेफरसन राष्ट्रीय वनाच्या बाजूला सरकवली गेली. त्यामागची कारणं सबळ होती. जुनी वाट खासगी जमिनींतून आणि गावरस्त्यांवरून जात होती; मालक बदलला की ती अडण्याची भीती. त्यातच १९३५ पासून ब्लू रिज पार्कवे हा मोटाररस्ता त्याच डोंगररांगेवर बांधला जाऊ लागला. राष्ट्रीय ट्रेलना संरक्षण देणारा कायदा यायला तर १९६८ उजाडलं. त्या काळी वाट टिकवायची तर सरकारी जंगलाचा आसरा घेणं शहाणपणाचंच होतं, हे मी मान्य करतो. पण याच्या पुढे जाऊन असंही म्हटलं जातं, की गावं मागे पडल्यामुळेच ट्रेल तिच्या मूळ कल्पनेच्या जवळ गेली. हे मला पटत नाही. बेंटन मॅकाय याने १९२१ मध्ये मांडलेल्या मूळ योजनेत पायवाटेच्या जोडीने वस्त्यांचे तळ होते, अन्न पिकवणाऱ्या शेतांचे तळ होते. शहरात पिचलेल्या माणसाने डोंगरात येऊन तिथल्या जगण्यात सामील व्हावं, अशी त्याची धडपड होती. त्या दृष्टीने शेतांच्या कडेने जाणारी, नावाड्याच्या भरवशावर नदी ओलांडणारी वाटच त्याच्या योजनेशी अधिक जुळणारी होती. इतिहासकार मिल्स केली यांनी या हरवलेल्या मार्गावर पुस्तक लिहून त्याची नोंद केली आहे. आता ट्रेलच्या नकाशांवरही तो तुटक रेषेने का होईना, दाखवायला हवा.