शेणखतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी असते का? जाणून घ्या सोलापूरच्या उसाचा खरा शत्रू कोण

वळवाचा दमदार पाऊस झाला की सोलापूर जिल्ह्यातील माळरानावर अंधार पडताच तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर बसून ते पाला खातात. त्यांच्याच अळ्या पुढे उसाची मुळे कुरतडतात. ऊस पिवळा पडून वाळतो आणि ओढला की सहज उपटून येतो. हीच हुमणी. २०१८ मध्ये सोलापूर, अहमदनगर, पुणे जिल्ह्यांत तिने उसाचे मोठे नुकसान केले होते.

हुमणी कोणत्या कुळातली?

हुमणी ही एकच कीड नाही. स्कॅरॅबिडी या कुळात जगभरात ३० हजारांहून अधिक प्रजाती आहेत. शेणाचे गोळे ढकलणारे भुंगेरे आणि नारळावरचा गेंड्या भुंगा हेही याच कुळातले. राज्यात उसाला प्रामुख्याने दोन प्रजाती छळतात. नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा आणि माळावर होलोट्रिकिया सेराटा.

एकाच किडीची दोन नावे कशी?

माळावरच्या हुमणीचे वर्णन डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७८१ मध्ये केले. तेव्हा ती मेलोलोंथा या प्रजातिगटात होती. पुढे ती होलोट्रिकियात गेली. अलीकडच्या काही शोधनिबंधांत ती लॅक्नोस्टर्ना सेराटा या नावाने दिसते. नाव वेगळे असले तरी कीड तीच आहे, नवी आलेली नाही.

ओळखायची कशी?

या कुळातल्या बहुतेक अळ्या पांढऱ्या, जाड आणि इंग्रजी ‘सी’सारख्या वाकलेल्या असतात. त्यामुळे गफलत होते. उकिरड्यातली अळी सपाट जागेवर ठेवून पाहा. ती पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची असण्याची शक्यता जास्त. ती कुजलेला पालापाचोळा खाते, उसाची मुळे नाही. नेमकी प्रजाती ठरवण्यासाठी तज्ज्ञ अळीच्या शेवटच्या खंडाखालची केसांची मांडणी भिंगातून तपासतात.

मग करायचे काय?

माळावरच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मादी जमिनीत सुमारे ५० ते ६० अंडी घालते. जुलै ते ऑक्टोबर या काळात मोठी झालेली अळी सर्वाधिक नुकसान करते. तेव्हा ती मुळांजवळ खोल असते, औषध पोहोचणे अवघड जाते. म्हणून भुंगेरे झाडावर असतानाच फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. सोबत प्रकाश सापळे लावावेत. जमिनीतील अळ्यांसाठी मेटारायझियम बुरशीचाही वापर होतो.

मात्र हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. शेजारच्या बांधावरचा कडुनिंब सुटला, तर तिथले भुंगेरे आपल्याच उसात अंडी घालतात. पहिल्या पावसानंतर सगळ्या शिवाराने मिळून मोहीम घेतली, तरच पुढच्या गळिताचा ऊस वाचतो.