बिबट्या दत्तक घ्यायचा म्हणजे काय करायचं?

केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी मुंबईत बिबट्या दत्तक घेतला, ही बातमी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकली असेल. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला हसत हसत येतो: दत्तक घेतला म्हणजे घरी नेला का गं? दुसरा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या गोठ्यातली शेळी नेतो, त्यालाच पोसायला पैसे कशाला द्यायचे?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मूल दत्तक घेतलं की ते आपल्या घरी येतं, आपलं नाव लावतं. प्राणी जिथं आहे तिथंच राहतो. आपण फक्त त्याच्या वर्षभराच्या खाण्यापिण्याला आणि औषधपाण्याला पैसे द्यायचे. मालकी सरकारचीच. वर्ष संपलं की पुन्हा पैसे भरायचे, नाहीतर थांबायचं. त्याबद्दल प्रमाणपत्र मिळतं, पिंजऱ्यापाशी नावाची पाटी लागते. मला विचाराल तर ‘दत्तक’ हा शब्द जरा मोठाच झाला. एका पोटाचा वर्षाचा खर्च उचलणं, एवढंच ते.

पण ते पोट लहान नाही. मोठ्या वाघाला दिवसाला आठ-दहा किलो मांस लागतं. जंगलात रोज शिकार सापडत नाही, म्हणून बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. आपला सोमवार असतो तसा, फक्त साबुदाणा नाही! बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने काही वर्षांपूर्वी जे दर जाहीर केले, त्यात वाघाला वर्षाला ३ लाख १० हजार, सिंहाला ३ लाख, बिबट्याला १ लाख २० हजार रुपये होते. वाघाटी म्हणजे ते छोटं रानमांजर, त्याला ५० हजार. नीलगाय ३० हजार, चितळ २० हजार आणि भेकर १० हजार. दर बदलत असतात, तेव्हा आधी विचारून घ्यावं. २०२० च्या टाळेबंदीत सगळीकडचीच प्राणिसंग्रहालयं बंद झाली, तिकिटाचा पैसा थांबला, जनावरांची भूक काही थांबली नाही. अशा वेळी हा लोकांचा पैसा किती कामाचा, ते कळलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. बोरिवलीच्या जंगलात मोकळे बिबटेही फिरतात. ते या योजनेत नाहीत. त्यांचं अन्न ते मिळवतात, आणि त्यांना आपण खायला घालायचंही नसतं. दत्तक दिले जातात ते पिंजऱ्यातले. त्यातले कितीतरी जखमी सापडलेले, नाहीतर लहानपणीच आईपासून तुटलेले. अशा पिल्लाला शिकार करायला शिकवणारं कुणी उरत नाही, त्यामुळे ते परत सोडता येत नाही. मग बिबट्या जगेल तितकी वर्षं, रोजचं मांस माणसानेच पुरवायचं. आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथंही असे बिबटे आयुष्यभरासाठी राहतात.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी हे जरूर ऐकावं. मादी उसात पिल्लं घालते, आणि तोड सुरू झाली की ती सापडतात. पिल्लू उचलू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. तोड थांबवून लांब व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करा. आई जवळपासच असते, म्हणून त्यांची माणसं अंधार पडताना पिल्लं सापडल्या जागीच एखाद्या खोक्यात ठेवतात. जुन्नर भागात अशी कितीतरी पिल्लं आईने रात्रीतून उचलून नेली आहेत. जे पिल्लू आईबरोबर गेलं, त्याला पुढं कुणी दत्तक घ्यायची गरजच नाही. माझ्या मते लाखभर रुपयांपेक्षा ही मदत मोठी, आणि ती फक्त शेतात असणाऱ्या बाईलाच करता येते.

आता दुसरा प्रश्न. ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्या घरी जाऊन ‘बिबट्या दत्तक घ्या’ म्हणायची माझी हिंमत नाही, आणि कुणी म्हणूही नये. पण दोन्ही पैसे वेगळे आहेत. शेळी, गाय किंवा माणूस गेला तर भरपाई सरकार देतं, तो आपला हक्क आहे. जनावर मारलं गेलं तर दोन दिवसांच्या आत वनखात्याला कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवू नका. घाण नको म्हणून आपण लगेच पुरून टाकतो आणि भरपाई बुडते. दत्तकाचे पैसे दिले काय, न दिले काय, या हक्काला धक्का लागत नाही.

आणि बिबटे धरून सगळे दूर सोडून का देत नाहीत? तेही करून झालं. जुन्नर भागातले पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तर तिथं माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं.

राहिला गटाच्या पैशाचा प्रश्न. बचतीच्या रकमेला हात लावायचा नाही, ती अडीनडीच्या कर्जासाठी आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी वेगळी वर्गणी काढावी आणि इतिवृत्तात तशी नोंद करावी. दहा हजारांचं भेकर दहा जणींच्या गटाला जडच जाईल. ग्रामसंघातल्या शंभर जणी तयार असतील तर वर्षाला प्रत्येकी शंभर रुपये होतात. नाही जमलं तर कुणाला कमीपणा नाही. चौकशी थेट उद्यानाच्या कार्यालयात करा, मध्ये कुणी माणूस घेऊ नका. पैसे गटाच्या खात्यातून भरा आणि पावती गटाच्या नावाची मागून घ्या.