सगळ्यांना एकाच मापाचा दगड

उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच, माथा किंचित कमानदार. फ्रान्स-बेल्जियमच्या युद्धभूमीवर सैनिकांच्या थडग्यांवर रांगेने उभ्या असलेल्या पांढऱ्या दगडाच्या या शिळा लांबून अगदी सारख्या दिसतात. त्या मुद्दाम तशा घडवल्या आहेत.

१९१४ साली, पहिल्या महायुद्धात, ब्रिटिश रेडक्रॉसच्या तुकडीबरोबर फ्रान्सला गेलेल्या फेबियन वेअर यांना दिसलं, की मेलेल्यांच्या थडग्यांची नोंद ठेवण्याची धड व्यवस्थाच नाही. त्यांनी ती सुरू केली. त्यातून २१ मे १९१७ रोजी इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन उभं राहिलं. आजचं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच.

ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ साली दफनभूमींची घडी बसवून दिली. हुद्दा, वंश, धर्म कोणताही असो, शिळा एकाच मापाची. शव मायदेशी नेण्याची मुभा कुणालाच नाही, मग घर कितीही श्रीमंत असो. अनेक आईबापांना हे फार लागलं. १९२० साली पार्लमेंटमध्ये वाद झाला, पण नियम टिकला.

जवळ जाऊन वाचलं, की प्रत्येक शिळा वेगळी. वर रेजिमेंटचं बोधचिन्ह, खाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, मग धर्मचिन्ह. तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची. ओळख न पटलेल्यांच्या शिळेवरचा मजकूर रुडयार्ड किपलिंग यांनी दिला. त्यांचा मुलगा जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होई, म्हणून त्यांच्या वाट्याला स्मारकं आली. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर अशा ५३ जणांना अग्नी दिला गेला. तिथली संगमरवरी छत्री मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी आखली. १९२१ साली तिचं अनावरण झालं. त्या ५३ जणांची नावं मात्र तिथे दगडावर कोरली गेली ती २०१० साली.

समानतेचा नियम युरोपबाहेर पुष्कळदा पाळलाच गेला नाही. कमिशनच्याच २०२१च्या अहवालाने कबूल केलं, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १,१६,००० जणांचं, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकांचं, नाव कुठेही कोरलेलं नाही. हजारो भारतीयांचं स्मरणही गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झालं नव्हतं. कमिशनने माफी मागितली आणि नावं शोधण्याचं काम हाती घेतलं.

पुण्यात खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेली, पुढे कुणी निगा राखेल याची खात्री नसलेली थडगी इथे एकत्र आणली गेली. तिथल्याच स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मेलेल्या १,८००हून अधिक जणांची नावं आहेत. पुण्यात राहणाऱ्यांनी सवड काढून तिथे जावं, आणि नुसत्या रांगा पाहून न परतता थडग्यांवरचा मजकूर वाचावा.