खडकांवरील डबकी व त्यांतील सूक्ष्म कवचधारी जीव

चौल-रेवदंड्यास येणारा प्रवासी जुने बंदर व कोट पाहून परततो. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या खडकांच्या खळग्यांत ओहोटीनंतर साचून राहिलेल्या पाण्याकडे त्याचे लक्ष जात नाही. आसपासच्या शाळांना मात्र निसर्गाभ्यासाचे इतके चांगले व बिनखर्चाचे साधन दुसरे मिळणे कठीण.

ही डबकी दिसावयास सारखी असली तरी त्यांतील वस्ती सारखी नसते. खेकडा व कोळंबी यांच्याच वर्गातील, पण मोहरीच्या दाण्याहूनही लहान असे जीव त्यांत राहतात. कोणता जीव कोठे राहील हे मुख्यतः डबके किती उंचीवर आहे, म्हणजे समुद्रापासून किती वेळ तुटलेले राहते, यावर ठरते. खालच्या डबक्यांत दिवसातून दोनदा ताजे पाणी येते. वरच्या डबक्यांपर्यंत केवळ उधाणाचे पाणी वा लाटांचे तुषार पोहोचतात. समुद्राच्या हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. वैशाखात वरचे डबके तापून आटू लागले की हे प्रमाण पुष्कळ वाढते, आणि आषाढात तेच पाणी जवळजवळ गोडे होते. अशी दोन्ही टोके सोसणारे जीव थोडेच. कोपेपॉड गटातील काही जाती ती सोसतात. त्यांची लांबी बहुधा एक मिलिमीटरहून कमी, डोळा एकच, आणि मादीच्या शेपटीपाशी अंड्यांची पिशवी. तेथे मासे टिकत नाहीत, त्यामुळे शत्रूही कमी. म्हणून जाती मोजक्या, पण संख्या विपुल. खालच्या डबक्यांत याउलट जाती अनेक, पण बहुतेक शेवाळात दडून राहणाऱ्या.

काठावरील पांढरे, धारदार बार्नॅकल मुलांना शिंपल्यांपैकी वाटतात. विद्वानांचाही तोच समज होता. जॉन व्हॉन टॉमसन यांनी १८३० मध्ये त्यांची पिल्ले पाहून ते खेकड्यांचे सोयरे असल्याचे दाखविले. पाण्यात बुडालेल्या बार्नॅकलकडे क्षणभर पाहिल्यास झाकण उघडून पिसासारखे पाय अन्न ओढताना दिसतात.

सहलीचा दिवस तिथी पाहून ठरवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, व त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी ओहोटी. तृतीयेस भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. उधाणाचा जोर असल्याने खालचे खडकही उघडे पडतात. अष्टमीस ओहोटी दुपारी, शाळेच्या सोयीच्या वेळी येते खरी, पण भांगाचे पाणी फारसे मागे हटत नाही. पाणी चढू लागताच मुलांना वर आणावे. पावसाळ्यात त्यांना खडकांवर नेऊच नये.

वरच्या, मधल्या व खालच्या डबक्यातील थोडे पाणी निरनिराळ्या पांढऱ्या बशांत घेऊन भिंगाने पाहावे व मुलांकडून जीवांची मोजदाद करवून घ्यावी. नंतर प्रत्येक बशीतील पाणी ज्या त्या डबक्यातच ओतावे. वरच्या डबक्यातील कोपेपॉड खालच्या डबक्यात पडल्यास माशांच्या तोंडी जातात.